धनी आणि ओतारी

मीरा रोडच्या कुठल्याही मोठ्या गृहसंकुलाचे फाटक जरा निरखून पाहा. काळ्या रंगाचे गज, त्यांच्या टोकाला सोनेरी रंगवलेले भाले, मधल्या चौकटीत पानांची वळणदार वेल, दोन्ही पाखांवर एकेक सिंहमुख. फॅब्रिकेटरच्या गाळ्यात हे तुकडे तयार ओतीव मिळतात, तो ते फक्त गजांना वेल्ड करतो. बिल्डर नमुना निवडतो, सोसायटी पाच-सात वर्षांनी रंग काढते, आणि त्या पानाकडे पुन्हा कोणी बघत नाही.

ते पान मात्र जुने आहे. ग्रीकांच्या कोरिंथियन स्तंभाच्या माथ्यावर जी दाट, कातरलेली पाने दिसतात ती अकँथस नावाच्या झुडपाची. भूमध्य समुद्राच्या काठची ही जात आपल्याकडे उगवत नाही, पण तिचे सख्खे भावंड भाईंदरच्या खाडीत चिखलात उभे आहे: मारांडी. तिवरांच्या कडेने वाढणारे, हॉलीसारख्या काटेरी कडांच्या पानांचे, निळसर-जांभळ्या फुलांचे हे झुडूप याच कुळातले. ओहोटीच्या वेळी मारांडीचे एक पान हातात घेऊन त्याची कड बघितली, की ग्रीक पाथरवटाला त्या कुळाच्या पानांत काय भावले असेल ते कळते. पानाची कड एका रेषेत जात नाही, ती दर बोटभर अंतरावर आत वळते आणि टोक काढते. दगडात आणि धातूत अशीच कड उजेड पकडते.

हे पान, हे भाले, ही सिंहमुखे आणि पुष्पहार युरोपच्या सरदार-दरबारांतून आपल्या भागात कसे आले, कोणी पैसे मोजले, कोणी ओतले आणि त्यातले आज काय उरले, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगतो. मराठी मुलखाशी जोडलेल्या या धातुकामात राजवाड्यांतले काम जास्त महागडे आहे, पण चौकातले आणि सार्वजनिक इमारतींतले काम जास्त मोलाचे आहे. आणि दोन्हीकडे धन्याचे नाव राहिले, ओताऱ्याचे पुसले गेले.

या शैलीला नवअभिजात म्हणतात. १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचे आणि १७४८ मध्ये पाँपेईचे उत्खनन सुरू झाले. राखेखालून रोमन घरे, दिवे, तिवया, कलश बाहेर आले. तोवर युरोपातल्या श्रीमंतांना शिंपल्यांच्या आणि वेड्यावाकड्या वेलींच्या सजावटीची हौस होती, ती या शोधांनंतर ओसरू लागली. सरळ रेषा, समतोल, मोजून मापून ठेवलेला अलंकार हे नवे वेड झाले. तरुण उमराव इटलीची यात्रा करून परत येत आणि घरासाठी रोमन घाटाच्या वस्तू करून मागत. दाराच्या मुठीपासून जेवणाच्या टेबलावरच्या रौप्यपात्रांपर्यंत सगळे या साच्यात बसू लागले.

याचा शिखरकाळ बघायचा तर पॅरिसच्या पिएर गुतिएरकडे जावे लागते. १७३२ चा जन्म, पेशा काशाच्या वस्तू घडवण्याचा आणि त्यांवर सोन्याचा मुलामा देण्याचा. सोने पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा वस्तूवर चोपडायचा, मग भट्टीवर धरायचे. पारा उडून जातो, सोने धातूला धरून राहते. आपल्याकडचे मुलामा देणारेही हीच रीत वापरत, आणि दोन्हीकडचे कारागीर त्या पाऱ्याच्या वाफेने लवकर खंगत. गुतिएरचे वैशिष्ट्य असे की, त्याने एकाच वस्तूवर चकचकीत आणि मंद अशा दोन प्रकारच्या सोन्याचा खेळ केला. पानाची पाठ मंद, कड लखलखीत. ड्यूक ऑफ ओमाँ त्याचा आश्रयदाता, पंधराव्या लुईची मैत्रीण मादाम द्यू बारी ही गिऱ्हाईक. तिच्या लूव्हसिएनच्या महालातले धातुकाम त्याचेच. पण मोठी गिऱ्हाइके बिले थकवतात. गुतिएरचे दिवाळे फ्रेंच राज्यक्रांतीच्या आधीच वाजले, मग क्रांतीत द्यू बारीचा शिरच्छेद झाला आणि थकलेले पैसे बुडालेच. १८१३ मध्ये तो गरिबीत मेला. सरदारी आश्रयाची ही दुसरी बाजू या विषयावरच्या देखण्या पुस्तकांत फारशी ठळक छापली जात नाही.

इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने वेगळा मार्ग धरला. सोहो इथल्या त्याच्या कारखान्यात मुलाम्याचे कलश, घड्याळे, मेणबत्तीदाने बनत. १७७० च्या सुमारास राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांनी ती घेतली. नाव झाले, नफा झाला नाही. मग बोल्टन वाफेच्या इंजिनाकडे वळला, जेम्स वॉटशी १७७५ मध्ये भागी केली, पुढे नाणी पाडण्याची यंत्रे बनवली. इथे आपला संबंध येतो. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याची १७९१ ची तांब्याची नाणी याच सोहोत पाडून गलबतांनी इकडे आली. आणि मुंबईला स्वतःची आधुनिक टांकसाळ उभी राहिली तेव्हा तिची यंत्रेही बोल्टन-वॉटच्याच घराण्याच्या पेढीने पुरवली. फोर्टमधली ही टांकसाळ आणि तिच्या जवळचा १८३३ चा टाउन हॉल, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीची इमारत, दोन्ही नवअभिजात शैलीच्या. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर फोटो काढणारे हजारो आहेत. मात्र जवळच्या त्या टांकसाळीला यंत्रे देणारी पेढी एकेकाळी राणीच्या दिवाणखान्यासाठी सोनेरी कलश घडवत होती, हे त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असेल.

मराठी मुलूख या कहाणीत पहिल्यांदा येतो तो गिऱ्हाईक म्हणून येत नाही, लूट म्हणून येतो. हे स्पष्ट लिहिले पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याआधी ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला पडला होता, नंतर अडगाव आणि गाविलगड. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वर्गणी काढून सेनापतीला दोन हजार गिनींचा सोन्याचा कलश द्यायचे ठरवले. पुढे बेत बदलून चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला जेवणाचा संच करून घेतला. तो ‘डेक्कन सर्व्हिस’ या नावाने लंडनच्या अॅप्सली हाउसमध्ये, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेल्या याच वेलस्लीच्या राहत्या घरात, आजही आहे. लंडनच्या सोनारांच्या हातचे हे नवअभिजात काम, आणि नाव आपल्या दख्खनचे. त्याच घरात पोर्तुगालने वेलिंग्टनला दिलेला प्रचंड रौप्यसंचही आहे. त्याचा आराखडा चित्रकार दोमिंगुश सिकेराचा, काम लिस्बनच्या शस्त्रागारातले.

दुसरे उदाहरण त्र्यंबकेश्वरचे. तिथल्या शिवाचा म्हणून ओळखला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीच्या हाती पडला आणि लंडनला रंडेल अँड ब्रिज या पेढीने तो विकत घेतला. ही पेढी इंग्लंडच्या राजघराण्याची सराफ, आणि पॉल स्टॉरसारख्या कारागिराकडून नवअभिजात रौप्यकाम करून घेणारी त्या काळातली सगळ्यात मोठी दुकानदारी. तिने हिरा पुन्हा पैलू पाडून लहान केला. जवळजवळ नव्वद कॅरटचा एकोणऐंशीच्या आत आला. १८३७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने घेतला, आणि पुढे तो त्या घराण्याच्या दरबारी तलवारीच्या मुठीत जडवला गेला. गोदावरीच्या उगमाजवळच्या देवाचे रत्न इंग्लिश उमरावाच्या मुठीवर गेले. युरोपातल्या सरदारी धातुकामाच्या वैभवाचा हिशेब मांडताना ही नोंद खर्चाच्या बाजूला आली पाहिजे.

उलट दिशेचा प्रवासही आपल्या दारातून झाला आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्याआधी घोडबंदर आणि भाईंदरच्या पश्चिमेचा धारावी किल्ला मराठ्यांकडे आला होता. वसईच्या चर्चमधल्या घंटा मग घाटावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा १७२१ सालची, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची १७०७ ची. त्यांवरचा अलंकार नवअभिजात नाही, त्याच्या आधीच्या पिढीचा आहे. पण युरोपात ओतलेला धातू मराठी माणसाने आपल्या चौथऱ्यावर, आपल्या अर्थाने बसवण्याची ही पहिली मोठी घटना, म्हणून ती या आढाव्यात हवी.

आता मुंबई. इथे आश्रयदात्याची जातच बदलते. उमराव नाहीत, शेठ आहेत. कापूस, अफू, जहाजे आणि दलाली यांतून आलेला पैसा. आणि धातूही बदलतो, सोन्याच्या मुलाम्याच्या काशाऐवजी ओतीव लोखंड. हा बदल समजून घेण्यासारखा आहे. लोखंड घडवायचे तर प्रत्येक पान लोहाराने ऐरणीवर ठोकून काढावे लागते. ओतायचे तर कोरक्याने एकदाच लाकडी नमुना कोरायचा, तो वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, आणि त्या पोकळीत रस ओतायचा. एका नमुन्यातून शेकडो पाने. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात रोमन अलंकार उमरावाच्या दिवाणखान्यातून निघून कारखान्याच्या छापील यादीत आला. मोठे काम तुकड्यांत ओतून, क्रमांक घालून, पेट्यांत भरून जहाजाने पाठवता येई. इथल्या कामगारांनी ते बोल्ट मारून उभे करायचे. वॉटसन हॉटेलचा संपूर्ण लोखंडी सांगाडा असाच इंग्लंडच्या डर्बीहून आला आणि १८६७ ते १८६९ या काळात काळा घोड्याजवळ उभा राहिला.

भायखळ्याचा खडा पारशी हा या सगळ्या प्रकारातला आपल्याकडचा उत्तम नमुना. मी तरी पहिला मान त्यालाच देतो. दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात तो आहे, त्यामुळे गाडीतून जाताना डोके तेवढे दिसते. खाली उतरून जायला हवे. सुमारे चाळीस फूट उंच काम. तळाला कारंज्याची कुंडी, तिच्या चार बाजूंना चार मत्स्यकन्या, त्यांच्या वर पन्हळीदार कोरिंथियन स्तंभ, आणि स्तंभावर पारशी पोशाखातले शेठ कर्सेटजी माणेकजी, १८४५ मध्ये वारलेले. पुतळा करून घेतला त्यांच्या मुलाने, माणेकजी कर्सेटजी यांनी. मुलींना इंग्रजी शिक्षण देणारी अलेक्झांड्रा संस्था १८६३ मध्ये काढणारे ते हेच. शिल्पकार जॉन बेल, ओतकाम श्रॉपशरच्या कोलब्रुकडेल कंपनीचे. दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळण्याचा प्रयोग १७०९ मध्ये अब्राहम डार्बीने जिथे यशस्वी केला, तेच हे कोलब्रुकडेल.

स्तंभाचा माथा दुर्बिणीतून किंवा फोनच्या झूमने बघा. अकँथसच्या पानांच्या ओळी एकावर एक, आणि प्रत्येक पानाचे टोक पुढे कलंडलेले. ओतीव लोखंडात असे बाहेर झुकलेले टोक काढणे कठीण असते, कारण नमुना वाळूतून उपसताना कड मोडते. अशा कामात नमुना भागाभागांत सुटा करावा लागतो आणि पाने वेगळी ओतून नंतर जोडावी लागतात. जोडाची बारीक रेघ रंगाच्या थराखाली दडते, पाऊस मात्र ती शोधून काढतो, कारण गंज पहिल्यांदा तिथेच उतरतो. २०१४ मध्ये पालिकेने या शिल्पाची नीट दुरुस्ती केली. ती झाली नसती, तर चारही मत्स्यकन्या भंगारातच गेल्या असत्या असे मला वाटते.

रोमन सम्राटांच्या विजयस्तंभाचा घाट एका व्यापाऱ्याच्या मुलाने वडिलांसाठी वापरला, तोही कारंज्यासह, म्हणजे रस्त्यावरच्या माणसासाठी पाण्याची सोय करून. रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभावर युद्ध आहे, इथे पायाशी पाणी आहे. नवअभिजात शैलीचा इतका समंजस उपयोग त्या काळातल्या लंडनमध्येही सहज सापडायचा नाही.

धोबी तलावचे फिट्झगेराल्ड कारंजे याच काळातले, तेही इंग्लंडहून आलेले ओतीव लोखंडाचे दिवे-कारंजे. त्याचे जुळे भावंड नॉर्थॅम्प्टनच्या बाजारचौकात होते, ते तिथल्या लोकांनी १९६२ मध्ये मोडून टाकले. आपले कारंजेही रहदारीच्या नावाखाली उखडले गेले, पण सुदैवाने भंगारात न जाता भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाच्या आवारात पडून राहिले, आणि अलीकडे दुरुस्त होऊन मेट्रो सिनेमाजवळच्या चौकात परत उभे राहिले आहे.

ते भायखळ्याचे संग्रहालय म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८६२ मध्ये पायाभरणी, २ मे १८७२ रोजी खुले. जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी हे दोन मराठी पुढारी, सोबत जॉर्ज बर्डवूड, आणि वर्गणी शहरातल्या शेठ-सावकारांची. बाहेरून इमारत सौम्य, पॅलेडियन धाटणीची. आत गेल्यावर मात्र लोखंड बोलते. दोन मजल्यांच्या उंचीचे सडसडीत खांब, त्यांचे पानांचे माथे, वरच्या सज्जाभोवती जाळीदार कठडा, जिन्याला तोच कठडा वळत जाणारा. हिरवट रंगावर सोन्याचा वर्ख. २००३ पासून चाललेल्या दुरुस्तीत, विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली, जुन्या रंगाचे थर उतरवून हा मूळ रंग शोधला गेला. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च सन्मान मिळाला. मुंबईत लोखंडाचे असे देखणे अंतर्गृह दुसरे नाही. दगडाच्या खांबांनी जागा खाल्ली असती, लोखंडाने ती मोकळी सोडली. नवअभिजात अलंकार इथे शोभेपुरता उरत नाही, छताचे वजन तोच पेलतो.

ही कामे कोणाच्या हातची, हा प्रश्न मुंबईत पहिल्यांदा गांभीर्याने हाताळला तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टने. जमशेटजी जिजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून ही शाळा १८५७ मध्ये सुरू झाली. १८६५ च्या सुमारास तिथे तीन शिक्षक आले: शिल्पासाठी लॉकवुड किपलिंग, चित्रासाठी जॉन ग्रिफिथ्स आणि शोभिवंत लोहकामासाठी मायकेल हिगिन्स. पहिल्या दोघांवर पुष्कळ लिहिले गेले, हिगिन्स उपेक्षित राहिला. पण इथल्या मुलांच्या हातात हातोडा देऊन युरोपीय वळणाचे घडीव काम इथेच करून घेण्याची सुरुवात त्याच्या भट्टीवर झाली. १८९१ मध्ये तिथे गव्हर्नर रे यांच्या नावाने कलाकारखाने निघाले आणि धातूकाम, विणकाम, लाकूडकाम एकाच छपराखाली आले.

संस्थानिकांकडे वळताना मोठ्या आकड्यांची सवय ठेवावी लागते. कण्हेरखेडचे शिंदे ग्वाल्हेरला, होळचे होळकर इंदूरला, दावडीचे गायकवाड बडोद्याला. तिन्ही घराणी घोड्यावरून निघाली आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रज रेसिडेंटच्या शेजारी येऊन थांबली. लढाया संपल्या, तोफांच्या सलामीची संख्या ठरली, आणि चढाओढ राजवाड्यांत सुरू झाली. ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ मध्ये पुरा झाला. जयाजीराव शिंद्यांचा, मायकेल फिलोजने बांधलेला, इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागताला. त्याच्या दरबार हॉलात प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत, आणि छत ते वजन पेलेल का हे बघायला आधी हत्ती वर चढवले, असे सांगतात. जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, ती पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन जाते. आगगाडी बघताना लहान मुलांचे डोळे चमकतात, ते बघायला आवडतेच. पण धातुकाम म्हणून बघितले तर तिथे वजनाची हौस जास्त आहे. बडोद्याला खंडेराव आणि मल्हारराव यांच्या सोन्या-चांदीच्या तोफा होत्या, त्याही त्याच जातीच्या. सयाजीरावांनी ही दिशा बदलली. त्यांनी इटालियन शिल्पकार फेलिचीला बोलावून ब्राँझची आणि संगमरवराची कामे करून घेतली, पण त्याचबरोबर १८९० मध्ये कलाभवन काढून हुन्नर शिकवण्याची सोय केली. आश्रय देणे म्हणजे काय हे त्या एका माणसाने नीट जाणले होते.

इंदूरचा लालबाग राजवाडा १८८६ च्या सुमारास दुसऱ्या तुकोजीरावांनी सुरू केला आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या वेळी १९२१ मध्ये पुरा झाला. त्याचे फाटक बकिंगहॅम पॅलेसच्या फाटकाच्या धर्तीवर इंग्लंडात ओतून घेतले, जहाजाने मुंबईला आणि तिथून इंदूरला नेले. या फाटकापाशी मी बराच वेळ घालवला आहे. मूळ बकिंगहॅमचे फाटक घडवणारे ब्रॉम्सग्रोव्ह गिल्ड हे हातकामाचा अभिमान बाळगणारे मंडळ होते. लालबागच्या फाटकात उंचीचा दरारा आहे, पानाफुलांची गर्दी आहे, आणि मधोमध जिथे इंग्लंडच्या राजाची मुद्रा असती तिथे होळकरांचे राजचिन्ह आहे. मल्हारराव होळकरांच्या घराण्याने राजाच्या दाराची नक्कल करून त्यावर आपली मुद्रा बसवावी यात मला लाचारी दिसत नाही. आपलाही दरवाजा तेवढाच उंच आहे असे रेसिडेंटला बजावण्याचा तो मार्ग होता. पण त्यात एक तोटा झाला. ज्या पैशांत माळव्यातल्या ओताऱ्यांची एक पिढी उभी राहिली असती, तो पैसा परदेशी कारखान्याकडे गेला. त्याआधीच, १८८० मध्ये, बर्डवूडने हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरच्या आपल्या ग्रंथात युरोपीय नमुन्यांच्या नादाने इथले कारागीर बिघडत असल्याची तक्रार केली होती. तो स्वतः संग्रहालय उभारणाऱ्यांपैकी होता, तरीही त्याला हे दिसत होते.

होळकरांच्याच पुढच्या पिढीने या शैलीला निरोप दिला. यशवंतराव होळकरांनी १९३० नंतर माणिकबाग बांधला तो एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून. पानेफुले गेली, सिंहमुखे गेली. पॅरिसच्या पुईफोर्काची गुळगुळीत चांदीची भांडी, सोन्यो आणि अलिक्स यांचे धातू आणि काचेचे पलंग, आणि ब्रांकुशीचा ‘अवकाशातील पक्षी’, त्यातला एक झळझळीत ब्राँझचा. त्यातल्या कित्येक वस्तू १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात विकल्या गेल्या. बाप-लेकांच्या दोन वाड्यांत धातूची दोन युगे शेजारी उभी राहिली, असे दुसरीकडे क्वचितच घडले असेल.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे उदाहरण मात्र मला सगळ्यांत वेगळे वाटते. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले आणि किर्लोस्करवाडीचे नांगर अडले. महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा लक्ष्मणराव किर्लोस्करांना वितळवायला दिल्या. लक्ष्मणरावांना मुळात जागा दिली होती औंधच्या पंतप्रतिनिधींनी, १९१० मध्ये, कुंडलच्या माळावर. शाहूंच्याच पुढाकाराने सुरू झालेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पुण्यात १९२८ मध्ये उभा राहिला. शिल्पकार सासवण्याचे नानासाहेब करमरकर, आणि तो इथेच, माझगावच्या गोदीत ओतला गेला. कामही इथले, भट्टीही इथली, आणि कर्त्याचे नाव आजही सगळ्यांना माहीत. आश्रय आणि हुन्नर एकाच मातीत भेटले की काय होते, ते इथे दिसते.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीला हे भाग्य इतक्या सहज लाभले नाही. पेशव्यांच्या काळात वसलेले हे त्वष्टा कासार तोफखान्याचे आणि टांकसाळीचेही काम करत. राज्य गेल्यावर हंडे-घागरींवर राहिले, मग स्टील आले आणि तेही सुटत गेले. मठाराच्या हातोडीने तांब्यावर एकसारखे ठसे उमटवण्याचे त्यांचे काम अलीकडे पुन्हा मागणीत आले आहे. घेणारे हॉटेलवाले आणि शहरी घरे आहेत, सरदार नाहीत, तरी काम टिकले ही मोठी गोष्ट.

आणि ते स्टील कुठले? त्यातले पुष्कळसे भाईंदर पूर्वेचे. इथल्या गाळ्यांत पत्र्याच्या चकत्या कापल्या जातात, प्रेसखाली दाबून त्यांची पातेली होतात, मग बफच्या चाकावर त्यांना पॉलिश चढते. पॉलिशच्या गाळ्यातून बाहेर येणाऱ्या कामगाराचे तोंड काळ्या पुडीने माखलेले असते. गुतिएरच्या कारखान्यात पारा होता, इथे ही पूड आहे. लाखो घरांची मांडणी ज्यांच्या हातांनी चमकते, त्यांना निदान चांगला मास्क आणि गाळ्यात नीट हवा मिळावी, इतके तरी गिऱ्हाइकांनी आणि कारखानदारांनी बघावे.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या भागातले जुने बंगले, चर्च, स्मशाने, स्टेशने, बागा यांतली ओतीव फाटके, दिव्यांचे खांब आणि बाके झपाट्याने भंगारात जात आहेत, कारण ती किलोच्या भावाने विकली जातात. अशा कामाच्या तळाशी, बहुतेक वेळा रंगाच्या थराखाली, कारखान्याचे नाव उठावात ओतलेले असते. नूतनीकरणाचा ठराव सोसायटीत किंवा मंडळात आला, तर आधी तो तळ घासून बघा, नाव वाचा, फोटो घ्या, आणि साल लिहून ठेवा. नवे फाटक करायचे असेल, तर फॅब्रिकेटरला आणि ओताऱ्याला आपले नाव खालच्या पट्टीवर ठोकायला सांगा. त्याला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही.